थॉमसचं सेटिंग

माणूस गेला की त्याच्या वस्तूंचं काय करायचं, याची प्रत्येक घराची रीत निराळी. उमराळ्याच्या जुलियानाने नवऱ्याचे कपडे महिन्याभरात वाटून टाकले, घड्याळ धाकट्या दिराला दिलं, मोटारसायकल विकून टाकली. गाव म्हणालं, बाई खंबीर आहे हो. खंबीर कसली! आपला सगळा जीव तिने वेल्डिंग मशीनच्या चार बटणांत नेऊन ठेवला होता. गावाला ते दिसत नव्हतं, इतकंच.

थॉमसचं वर्कशॉप म्हणजे घराला लागून, केळीच्या वाडीच्या कडेला उभी केलेली पत्र्याची शेड. मस्कतला बरीच वर्षं पाइपांची वेल्डिंग करून तो दोन हजार चारच्या सुमाराला कायमचा परत आला. आखातातून लोक सोनं आणतात, मोठा टीव्ही आणतात. याने मशीन आणलं. जुलियाना तेव्हा दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती. पण मशीन गुणी होतं हे तिलाही पुढे मान्य करावं लागलं. नालासोपाऱ्याच्या गाळ्यांमधून त्या काळी कपाटाएवढे ट्रान्सफॉर्मर गुरगुरत बसलेले असायचे, आणि हे एका हाताने उचलावं एवढंसं. त्यावर रॉडची वेल्डिंगही व्हायची आणि आर्गन गॅसचीही, आणि दोन्हींना पल्स होता.

पल्स म्हणजे काय हे थॉमसने तिला एकदा जेवता जेवता सांगितलं होतं. करंट एकसारखा सोडायचा नाही, ठोक्याठोक्याने सोडायचा. मोठा ठोका पडला की धातू वितळतो, मग क्षणभर करंट लहान होतो आणि वितळलेलं जरा थिजतं, की पुन्हा मोठा. नुसता मोठाच ठेवला तर पातळ पत्र्याला भोक पडतं, नुसता लहान ठेवला तर जोड धरतच नाही. उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस तू कमी-जास्त करतेस ना, तसंच, फक्त इथे आच मशीन सांभाळतं, असं तो म्हणाला. एक बटण मोठ्या करंटचं, एक लहान करंटचं, एक ठोके किती भरभर पडावेत त्याचं, आणि एक मोठा ठोका किती वेळ टिकावा त्याचं. जुलियानाने तेव्हा मान डोलावली आणि त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी थॉमस शेडमधून घरी आला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच गेला. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. दफनानंतर जुलियाना पहिल्यांदा शेडमध्ये गेली तेव्हा सगळं त्याने सोडून दिलं होतं तसंच होतं. तिने चारही बटणांवरून बोट फिरवलं. ही शेवटची त्याने फिरवलेली. ती घरात गेली, मुलीच्या कप्प्यातली लाल नेलपॉलिश घेऊन आली, आणि प्रत्येक बटणाच्या टोकावर आणि त्याच्यासमोर मशीनच्या अंगावर एकेक ठिपका दिला. मग शत्रुघ्नला बोलावून सांगितलं की वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली वर्षाची प्रार्थना, होईपर्यंत या बटणांना कोणी हात लावायचा नाही.

त्यांच्यात, वसईच्या ख्रिस्ती घरांत, वर्षभर दुखवटा पाळतात. लग्नकार्याला जायचं नाही, सणाला गोडधोड करायचं नाही, वर्षाची मिस्सा झाली की मग घर पुन्हा उघडतं. पण मशीनलाही दुखवट्यात बसवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. शत्रुघ्नने एकदाच विचारून पाहिलं की कामं वेगवेगळी येतात, मग कसं करायचं. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला की रॉड की आर्गन हे ठरवणारा खटका तरी मोकळा ठेवा, त्याशिवाय मशीन चालायचंच नाही. तेवढं तिने मान्य केलं. तिला एवढंच हवं होतं की थॉमसच्या बोटांनी जगात शेवटचं जे केलं, ते तसंच राहावं.

हा शत्रुघ्न राजावलीचा, खाडीकाठच्या शेतकरी घरातला. थॉमस आणि तो पोरसवदा असताना वसईच्या एकाच गॅरेजात वेल्डिंग शिकले. पुढे थॉमस मस्कतला गेला, शत्रुघ्न भातशेती आणि रॉड सांभाळत इथेच राहिला. थॉमस परत आला तेव्हा त्याने पहिला निरोप याला पाठवला. कामाची वाटणी सरळ होती. गेट, जिने, टाकीचे स्टँड असं रॉडचं काम शत्रुघ्नचं, आणि स्टीलचं बारीक आर्गनचं काम थॉमसचं. मस्कतहून आल्यापासून थॉमसने रॉडला हात लावला नव्हता. आर्गन त्याने शत्रुघ्नलाही शिकवलं होतं, म्हणून तर तो गेल्यावरही शेड चालू राहिली.

रोज सकाळी मिस्सेहून आली की जुलियाना शेड उघडायची, मशीन पुसायची, एकेका बटणावर बोट ठेवून क्षणभर डोळे मिटायची, आणि वाडीत कामाला निघून जायची. ठिपक्याला ठिपका भिडलेला असायचा. दिवसा ती तिकडे फिरकत नसे. कामं येत होती, होत होती, गिऱ्हाईक खूश होतं. मग हळूहळू तिची जीभ सैल सुटली. चर्चच्या आवारात ती बायकांना सांगू लागली की थॉमस गेला तरी त्याच्या सेटिंगवर अजून काम चालतंय, एक बटण हलवावं लागत नाही, असा तो माणूस होता. फादरनाही सांगितलं. फादर म्हणाले, देवाची कृपा. शत्रुघ्नच्या कानावर हे यायचं आणि तो मूग गिळून बसायचा.

वर्षाची मिस्सा महिन्यावर आली असताना कळंबचा परेश काम बघायला आला. त्याचं समुद्राजवळ कॉटेजचं छोटं हॉटेल होतं, आणि त्याच्या स्वयंपाकघराची स्टीलची टेबलं आणि सिंक शेडमध्ये बनत होती. भर दुपारची वेळ. शत्रुघ्न गॅसचा सिलिंडर आणायला गेलेला. जुलियाना परेशला घेऊन शेडमध्ये गेली. परेश जोडांवरून हात फिरवून खूश झाला, म्हणाला की काकी, बोटाला लागतच नाही हो काही. जुलियाना म्हणाली की अहो, सगळं थॉमसच्या सेटिंगवर. असं म्हणत तिने कौतुकाने मशीनकडे बघितलं.

चारही ठिपके भलतीकडेच होते.

परेश काय बोलला, कधी गेला, तिला आठवत नाही. शत्रुघ्न रिक्षातून सिलिंडर उतरवून आत आला तेव्हा ती मशीनसमोर उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलं, बटणांकडे बघितलं, आणि खांद्यावरचा गमछा काढून तोंड पुसलं. कधीपासून, असं तिने विचारलं. तो खोटं बोलला नाही. पहिल्या आठवड्यापासूनच, तो म्हणाला. पातळ स्टील त्या सेटिंगवर होतच नाही, भोकं पडतात. म्हणून रोज काम झालं की संध्याकाळी बटणं परत ठिपक्यावर आणून ठेवायची.

असं म्हणता म्हणता त्याचा हात पुढे गेला आणि त्याने चारही बटणं फटाफट जागेवर फिरवली. डोळे जुलियानाकडे, हात बटणांवर, आणि ठिपक्याला ठिपका बरोब्बर भिडला. ते बघून तिचा संताप मस्तकात गेला. इतका सराव! म्हणजे रोज सकाळी ती डोळे मिटून ज्यावर बोट ठेवायची तो थॉमसचा स्पर्श नव्हताच, ती आदल्या संध्याकाळची शत्रुघ्नची बोटं होती. आणि ती गावभर सांगत सुटली होती.

"उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली.

तो वाद न घालता गेला. डबा तेवढा उचलला.

परेशला माल वेळेवर हवा होता, आणि राग कितीही खरा असला तरी गिऱ्हाइकाला त्याच्याशी काय घेणं? चार दिवस शेड बंद ठेवून शेवटी जुलियानाने नालासोपाऱ्याहून दुसरा वेल्डर बोलावला. तिने त्याला सांगितलं की ठिपक्यांना हात लावायचा नाही, आहे तसंच करायचं. तो तरुण होता, पैसे मिळणार म्हणून हो म्हणाला. पहिल्याच सिंकच्या कडेला ठिणगी पडली आणि नवा कोरा पत्रा जळून बोट जाईल एवढं भोक पडलं. जुलियाना दारातच उभी होती. तो वेल्डर आधी वैतागला आणि मग मशीनपाशी वाकून हसू लागला. म्हणाला, मावशी, हे आर्गनचं सेटिंगच नाही. हे रॉडचं आहे. जाड अँगलचा उभा जोड मारायला कोणीतरी पल्स लावलाय, आणि तोही चुकलाय. मोठा ठोका इतका लांबवलाय की थिजायला वेळच नाही. कोणीतरी नवशिक्याने लावलेलं दिसतंय.

नवशिक्या! मस्कतच्या पाइपलाइनवर ज्याचे जोड एक्सरे काढून पास व्हायचे त्याला हा पोरगा नवशिक्या म्हणतो! तिने त्याला तिथल्या तिथे पैसे दिले आणि घालवून दिलं. मग ती त्या जळलेल्या सिंकशेजारी स्टुलावर बसली. राग थोडा उतरला तसं तो पोरगा काय म्हणाला ते तिच्या डोक्यात पुन्हा शिरलं. रॉडचं सेटिंग. थॉमस तर रॉडला हात लावत नव्हता.

ती उठली, साडी बदलली आणि राजावलीला निघाली.

शत्रुघ्न अंगणात बसून एका मोडक्या खुर्चीला तार गुंडाळत होता. वेल्डरच्या घरची खुर्ची तारेने बांधलेली. आपल्या घरच्या कामाला कारागिराला कधी वेळ झालाय? तिला बघून तो गडबडला, उठला, तीच खुर्ची पुढे करायला गेला, मग लक्षात येऊन त्याने घडवंची ओढली. त्याची बायको बायजा पाणी घेऊन आली आणि चहा टाकते म्हणून आत गेली. जुलियानाने पाण्याला हात लावला नाही.

"खरं सांगा, शत्रुघ्नभाऊ. ते सेटिंग कोणाचं?"

त्याने तारेचं टोक वाकवलं, पुन्हा सरळ केलं.

"माझं," तो म्हणाला. "थॉमसनं बटनं फिरवलीच नवती, वैनी. त्या दिवशी सगळी मीच फिरवली."

मग त्याने ती दुपार सांगितली. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. पाण्याच्या टाकीच्या स्टँडचं काम होतं, जाड अँगलचं. थॉमसला सकाळपासून छातीत जड वाटत होतं. गॅस झाला असेल म्हणून त्याने सोडा मागवून प्यायला आणि स्टुलावर बसला. बसल्या बसल्या त्याला लहर आली. म्हणाला की शत्रू, आज रॉड पल्सवर मारून बघ, उभा जोड आहे, ओघळणार नाही. शत्रुघ्न साध्या मशीनवर वाढलेला. त्याच्या मनगटालाच पल्स होता. लोखंड वितळलं की रॉड जरा मागे घ्यायचा, थिजलं की पुढे न्यायचा, हे त्याचा हात झोपेतसुद्धा करील. आता मशीनही तेच करत होतं. मशीन मोठा ठोका देई तेव्हा याचा हात मागे, मशीन लहान करी तेव्हा हा पुढे. एका कामाला दोन मुकादम. जोड कुठला, नुसत्या गुठळ्या.

"तो बगून थॉमस हसाया लागला," शत्रुघ्न म्हणाला. "असा हसला, वैनी, का डोल्यांत पानी आलं त्याच्या. म्हनला, हात गप ठेव. त्याला त्याचं काम करू दे, तू तुझं कर. पन हात ऐकतोय कुठं? मी म्हटलं, बटनं तू लावून दे. तर म्हनला, नाय. हात तुझा, जोड तुझा, बटनं पन तुझी. मग मी आपला फिरवीत बसलो, कधी हे वाढव, कधी ते कमी कर. नाय जमला. संध्याकाल झाली. म्हनला, राहू दे असंच, उद्या बगू."

आत स्टोव्हचा आवाज येत होता. जुलियानाने विचारलं, "म्हणजे ते सेटिंग बरोबरसुद्धा नव्हतं?"

"पार चुकलेलं."

तिला हसू आलं. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलले, आणि मग ती मोठ्याने हसली. वर्षभर रोज सकाळी तिने ज्याला बोट लावून डोळे मिटले होते, ज्याची कीर्ती फादरपर्यंत पोचवली होती, ते शत्रुघ्नचं फसलेलं सेटिंग होतं. आणि त्या माणसानेही ते आपलंच चुकलेलं काम रोज संध्याकाळी नेमाने परत जागेवर आणून ठेवलं होतं. बायजा चहाचे कप घेऊन दारात आली ती तिथेच थांबली, कारण एव्हाना जुलियाना रडत होती. दफनाच्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" तिने पदराने तोंड पुसत विचारलं.

"बोलावलंत तवा सांगनारच होतो. तुमी लाल रंग लावून, डोले मिटून उभ्या. त्या टायमाला कोन सांगील?"

तिने चहा घेतला. मग तिने त्याला पुन्हा विचारलं की थॉमस हसला म्हणजे कसा हसला, किती वेळ, आणि आणखी काय म्हणाला. शत्रुघ्नने जेवढं आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं. वर्षभर तिच्या मनात एकच चित्र होतं, की तो तिकडे पत्र्याखाली छाती धरून सोसत बसला असेल आणि ती इकडे वाडीत होती. आता कळलं की त्याची शेवटची दुपार मित्राची टर उडवण्यात गेली. हे तिला कोणी आधी सांगितलं असतं तर वर्ष थोडं सोपं गेलं असतं. पण आधी सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं का, हेही तिला माहीत नव्हतं.

निघताना ती म्हणाली की परेशचं काम अडून पडलंय, एक सिंकही जळालाय. उद्या लवकर या.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा शेड उघडी होती आणि जुलियाना आत बसलेली होती. तिने सांगितलं की बटणं कामाप्रमाणे लावा आणि संध्याकाळी मागे नेऊ नका, जिथे असतील तिथे राहू देत. शत्रुघ्नने मान हलवली. त्याने खटका आर्गनवर केला, एक भंगारातला पत्र्याचा तुकडा घेतला, त्यावर मारून बघितलं, एक बटण जरा मागे घेतलं, पुन्हा मारून बघितलं. थॉमसही नेहमी असंच करायचा. दर कामाला, दर पत्र्याला, कधी कधी त्याच पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला तो बटणं हलवायचा. गॅस फुकट जातो म्हणून ती त्याच्याशी किती भांडली असेल. ज्या माणसाला एक बटण दोन तास एका जागी ठेवता येत नसे, त्याची बटणं आपण वर्षभर खिळवून ठेवायला निघालो होतो, हे तिला तिथे बसल्या बसल्या उमगलं, आणि तिला स्वतःची थोडी लाजही वाटली.

मग शत्रुघ्नने सिंक टेबलावर घेतला आणि रीतीप्रमाणे म्हणाला की वैनी, तिकडे तोंड करा, डोळे जातील.

"मला ती काच द्या," जुलियाना म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. तिने खुंटीवरची काळ्या काचेची हातातली ढाल स्वतःच काढली, स्टूल पुढे ओढलं आणि ढाल तोंडासमोर धरली. काचेतून काहीच दिसेना, नुसता काळोख. तो म्हणाला, सुरू करतो. तिने हो म्हटलं.

काळोखात एक हिरवट उजेड पेटला. आधी तिला फक्त उजेडच दिसला. मग त्याच्या मध्यावर तुपाच्या थेंबाएवढं काहीतरी चमकताना दिसलं. ते वितळलेलं स्टील होतं. उजेड मोठा झाला की ते फुगायचं, थरथरायचं, आणि आता फुटणार असं वाटे तोवर उजेड लहान व्हायचा. मग त्याची मागची कड हळूच थिजायची आणि माशाच्या खवल्यासारखी एक बारीक रेघ मागे राहायची. पुन्हा मोठा, पुन्हा लहान, आणखी एक खवला. शत्रुघ्नचा हात अजिबात हलत नव्हता, नुसता पुढे सरकत होता. बाहेर वाडीत कोणीतरी पंप सुरू केला, रस्त्यावरून पाववाला ओरडत गेला, पण ते सगळं कुठेतरी लांब चाललं होतं. त्या थेंबावरून नजर काढणं शक्यच नव्हतं. नजर काढली तर तो थेंब जाईल असं वाटत होतं.

थॉमसला जेवायला हाक मारली की तो आतून "आलो" म्हणायचा आणि जेवण थंड होईपर्यंत यायचा नाही. संसारभर ती यावरून त्याच्याशी भांडली होती. आपल्या हाकेची त्याला किंमत नाही, असं तिने कितीदा तरी मनाशी धरलं होतं.

जोडाचं टोक आलं तसा शत्रुघ्नने उजेड विझवला. स्टील तांबडं होतं ते करडं झालं. त्याने आपला मास्क वर केला आणि विचारलं की दमलात का, थांबू का जरा.

"नको," जुलियाना म्हणाली. ढाल तिने खाली घेतली नव्हती. "पुढचा जोड घ्या."